तोंडाला पाणी आणणारे सर

वऱ्हाडातल्या माणसाला थुंकायला शिकवावं लागत नाही. चालत्या बसच्या खिडकीतून, सरकारी जिन्याच्या कोपऱ्यात, ‘येथे थुंकू नये’ या पाटीवर बरोबर नेम धरून थुंकणारे गुणी लोक आमच्याकडे घरोघरी आहेत. पण त्याच माणसाच्या हातात प्लास्टिकची नळी द्या आणि म्हणा, दादा, जरा यात थुंका, की तो नव्या नवरीसारखा लाजतो. इकडे पाहतो, तिकडे पाहतो, आणि शेवटी म्हणतो, ‘‘आता नाई येऊन राहिली.’’

हे मी अनुभवाने सांगते. कोरोनाच्या साथीत अमरावतीच्या एका कॉलेजातली आमची प्रयोगशाळा तपासणीसाठी घेतली गेली आणि आमच्याकडे थुंकीवरून तपासणी व्हायची. नाकात काडी घालतात म्हटलं की लोक घराला कुलूप लावून वावरात जाऊन बसत. त्यापेक्षा थुंकी बरी. माणसाने आपल्याच हाताने नळीत लाळ सोडायची, झाकण लावायचं, झालं. ऐकायला फार सोपं. प्रत्यक्षात भीतीने लोकांची तोंडं कोरडी पडत. नळी ओठाला लावून माणूस उभाच आणि आत नुसता फेस. फेस चालत नाही, खाकरून काढलेला कफही चालत नाही. तोंडात आपसूक साचते ती पातळ लाळच लागते.

लाळ येईना झाली की आम्ही सरांना हाक मारायचो.

सर प्रयोगशाळेचे प्रमुख. उंच, वाळलेले, शर्टाला कडक इस्त्री आणि खांद्याला शाळकरी पोराच्या असते तशी पाण्याची बाटली. दर दोन वाक्यांना एक घोट. तोही मास्क न काढता, मास्कच्या खालून प्लास्टिकची स्ट्रॉ आत सारून. आम्ही पोरी त्यांना पाठीमागे पाणपोई म्हणायचो. साऱ्या जगाला मास्क नकोसा झाला होता, सर मात्र मास्क आल्यापासून खुलले होते. पूर्वी दाढदुखी सांगून गालापर्यंत मफलर गुंडाळणारा, वर्गात मोजकं बोलणारा, स्टाफरूममध्ये कोपरा धरून बसणारा माणूस मास्क लावून बोलका झाला, याचं आम्हाला नवल वाटायचं. त्या नवलाच्या पुढे मात्र आमच्यापैकी कोणी विचार केला नाही.

नमुना द्यायच्या खोलीच्या दारात ते आपलं स्टूल टाकत आणि बसत. कॉलेजात पुस्तकी मराठी बोलणारे सर तिथे बसले की थेट वऱ्हाडीत येत.

एकदा नांदगाव खंडेश्वरकडची एक म्हातारी आली होती. सोबत जावई. म्हातारी नळी पदराखाली लपवून उभी राहिली ती राहिलीच. मी दोनदा समजावलं. शेवटी ती माझ्यावरच उखडली.

‘‘जावयाच्या म्होरं थुकू काय मी? लाज हाय का नाई कोनाले?’’

सर उठले. रांगेकडे वळून त्यांनी हुकूम सोडला, ‘‘चला, सगये भिताडाकडं तोंड करा. जावईबापू, तुमी पयले.’’

सगळी रांग भिंतीकडे वळली. सर स्वतःही पाठ करून बसले आणि पाठमोरेच बोलू लागले.

‘‘माय, डोये मीट. उनाची येळ हाय. तू वावरातून आली. झाडाखाली कैरी पडेल हाय, गावरानी, टणक. दगडावर ठेव. फोड. चीक पुसून घे लुगड्याले. आता मीठ लाव. तिखटबी लाव, पन थोडंच. दाताखाली धर. खाऊ नको, नुसती धर. कर्रकन वाजली पाह्यजे...’’

रांगेत मास्कांच्या आड गिळल्याचे आवाज सुरू झाले. म्हातारीची नळी केव्हाच भरली होती, पण सर कैरीवरून चिंचेवर आणि चिंचेवरून बोरकुटावर निघाले होते. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला जावई काकुळतीला येऊन म्हणाला, ‘‘सर, माही नळी द्या ना लवकर. इकडं वाया चालली!’’

या कलेसाठी सर रियाज करत, असं म्हटलं तरी चालेल. आम्ही वलगावचे, माळी. घरी थोडं वावर आहे, भाजी आणि लिंबं निघतात. सर मला म्हणत, ‘‘उद्या अंबाडीची एक जुडी आणशील का? आणि हिरवं लिंबू.’’ मी नेऊन द्यायची. सर लिंबाला नख लावत, डोळे मिटून वास घेत, अंबाडीचं पान चुरगळून नाकाशी धरत, आणि सगळं मला परत देत. ‘‘सर, ठेवा ना, भाजी करा,’’ म्हटलं तर, ‘‘नको, माझं झालं.’’ डब्यात त्यांच्या रोज एकच गोष्ट, वरणात भिजवून पार लगदा केलेली पोळी. तीही आमच्यासोबत नाही, आपल्या खोलीत, दाराला आतून कडी लावून. आमच्यातली एक म्हणायची, पाणपोई चिक्कू आहे, वाटून खावं लागेल म्हणून कडी लावते. आम्ही हसायचो.

भिंतीवरच्या पिचकाऱ्या वाचण्याचाही त्यांना नाद होता. जिना चढताना मध्येच थांबत, लाल डागाकडे वाकून पाहत, आणि म्हणत, ‘‘पोरगा आहे हा. अजून चुना सोसत नाही त्याला.’’ किंवा, ‘‘हा जुना. याच्या गालाची कातडी बधिर झाली, म्हणून एवढ्या जोरात मारतो.’’ खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी, चुना घोटलेली पुडी, खाणाऱ्या विद्यार्थ्यांचे ते जुने वैरी. कॉलेजात कोणाच्या खिशात पुडी सापडली तर सर त्याला स्वतःच्या हाताने जिना धुवायला लावत. तोंड साफ नसलेला माणूस विज्ञान शिकू शकत नाही, हे त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. सर लाळेतले पंडित आहेत, त्यांना हे कळणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

थुंकीच्या कामाची मला फार लाज वाटायची, हे सांगायला हवं. वलगावात कोणी विचारलं की आई म्हणायची, पोरगी कॉम्प्युटरवर असते. आत्याला खरं कळलं तेव्हा तिने माझ्या हातचं पाणी नाकारलं. संसर्गाच्या भीतीने नाकारलं असतं तर मी समजू शकले असते. पण ती म्हणाली, ‘‘दिवसभर लोकाईचं उष्टं चिवडते अन मंग आमच्या माठात हात घालते?’’ मी रडत सरांना हे सांगितलं. मला वाटलं होतं, ते विज्ञान सांगतील. त्यांनी बाटलीचा एक घोट घेतला.

‘‘लाज वाटतेच,’’ ते म्हणाले. ‘‘वाटणारच. मी तुला काय सांगू?’’

सरांनी एक नियम घातला होता. दर सोमवारी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी आपापली नळी भरून द्यायची. साहेब असो की झाडणारी मावशी, कोणालाही सूट नाही. आणि रिपोर्ट हाती आल्याशिवाय घरच्या माणसांना भेटायचं नाही. आमच्या नळ्यांची ही खेप सर स्वतःच यंत्रावर लावत. आपलं अंगण आपणच झाडावं, असं म्हणत.

त्या सोमवारी सरांची घाई चालली होती. अकोल्याला त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती. सरांचं घर तिकडेच, पण साथ सुरू झाल्यापासून ते अमरावतीत एका खोलीत एकटे राहत होते, घरी फिरकले नव्हते. आता मात्र बारसं होतं. त्यांच्या बायकोने फोनवर बजावलं होतं, रिपोर्ट घेऊन या, नाही तर दारातूनच परत जा. सरांनी बाळासाठी पिवळं झबलं घेतलं होतं आणि ते आम्हा प्रत्येकीला दाखवून झालं होतं. दुपारी जायचं होतं. पण सकाळीच त्यांना कुठल्याशा बैठकीला बोलावणं आलं आणि ते नळ्या तशाच ठेवून धावले. सरांना उशीर नको म्हणून मी न सांगता आमची खेप यंत्रावर लावून टाकली.

इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. यंत्र प्रत्येक नमुन्यात दोन गोष्टी शोधतं. एक विषाणू आणि दुसरा माणूस. लाळ म्हटली की तिच्यात माणसाच्या गालातल्या पेशी असतातच, त्यांची खूण यंत्राला दिसावी लागते. ती दिसली नाही तर विषाणू नाही या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही, नमुना बाद करावा लागतो. आम्हा सगळ्यांच्या नळ्यांत विषाणू नव्हता आणि माणूस होता. सरांच्या नळीत विषाणूही नव्हता आणि माणूसही नव्हता.

माझीच चूक, नमुना घालायचाच राहिला असणार. उरलेल्यातून पुन्हा लावला. पुन्हा तेच. सर आले तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेले आणि मान खाली घालून सांगितलं, ‘‘सर, तुमचा नमुना माझ्या हातून बिघडला.’’

सरांनी झबल्याची पिशवी उगाच सरळ केली. मग म्हणाले, ‘‘होतं असं. जाऊ दे.’’

‘‘दुसरा द्या सर, मी लगेच लावते. तुमचं बारसं चुकायला नको.’’

बाद नमुन्याच्या जागी दुसरा घ्यायचा तर तपासणाऱ्याने समोर बसून घ्यायचा, हाही सरांचाच नियम. मी खुर्ची ओढून बसले. नवी नळी त्यांच्या हातात दिली. सरांनी पाठ फिरवली, मास्क खाली केला, नळी ओठाशी नेली. मी वाट पाहिली. त्यांचा खांदा हलला, मानेच्या शिरा ताणल्या. पंखा फिरत होता. नळी खाली आली, रिकामी. त्यांनी सवयीने बाटलीकडे हात नेला, मी समोर आहे हे आठवून मागे घेतला आणि नळी पुन्हा वर नेली.

मला त्यांची कीव आली. एवढा लोकांना धीर देणारा माणूस आणि आज घाईने ह्याचंच तोंड सुकलं! मी गमतीने, त्यांच्याच आवाजात सुरू केलं.

‘‘सर, डोये मिटा. गावरानी कैरी हाय. दगडावर फोडा. मीठ लावा...’’

‘‘बंद कर!’’

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी उठून उभी राहिले. सर खुर्चीत वळले तेव्हा मास्क हनुवटीखालीच होता. डावा गाल आत गेलेला, जबड्याखाली आवळून शिवल्यासारखा लांब व्रण, ओठांच्या कडा फाटून पांढऱ्या पडलेल्या. इतकी वर्षं ओळखीचा चेहरा, आणि अर्धा मला ठाऊकच नव्हता. मला त्यांच्याकडे पाहवेना आणि नजर वळवली तर त्यांना काय वाटेल, म्हणून वळवताही येईना.

‘‘नळीत पाणी होतं,’’ ते म्हणाले. ‘‘दर सोमवारी पाणीच असतं. तुझी काही चूक नाही. मघाशी मी चूक तुझ्या माथी जाऊ देत होतो.’’

मग ते बोलत राहिले, मध्ये मध्ये घोट घेत, आता स्ट्रॉ न लावता. पोरांना जिना धुवायला लावत त्याच दिवसांत घरी, गाडीवर, संडासात, जिथे कोणी पाहणार नाही तिथे सर खर्रा खात होते. पोरांच्या खिशातून काढून घेतलेल्या पुड्यासुद्धा त्यांनी खाल्ल्या. गालात गाठ झाली. ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक दिले, आणि त्या शेकांनी लाळेच्या ग्रंथी जळाल्या. तोंडात थेंब येत नाही. आंबट जिभेला लागलं तर आगीसारखं लागतं.

‘‘पण सर, तेव्हा तर तुम्ही रजा काकूंच्या आजारपणाची...’’

बोलता बोलता मीच थांबले. तेव्हा मी नुकती सहायक म्हणून लागले होते. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, कर्करोग झाला आहे, असं सरांनी कॉलेजात सांगितलं होतं. आम्ही सगळा स्टाफ संत्री घेऊन अकोल्याला भेटायला गेलो होतो. मे महिना. अकोल्याचा मे म्हणजे कूलरसुद्धा गरम वारा टाकतो. आणि काकू खाटेवर पडून होत्या, गळ्यापर्यंत शाल ओढून, डोक्याला रुमाल बांधून. कपाळावरून घाम वाहत होता. आम्ही म्हणालो, किती अशक्तपणा! दाढ दुखते म्हणून गालापर्यंत मफलर गुंडाळलेले सर आमच्यासाठी चहा करत होते. मॅडमचं करून करून सरच वाळले, असं परतताना गाडीत आम्ही हळहळलो होतो.

‘‘मीच तिला सांगितलं निजून राहा म्हणून,’’ सर म्हणाले. ‘‘ती राहिली. तेव्हापासून ती आजारीच आहे. तिच्या भाचीच्या लग्नात आपल्या कॉलेजचे लोक येणार होते. आजारी बाई शालू नेसून जाणार कशी? नाही गेली. बाजारात कोणी भेटलं की तब्येत विचारतात, आणि ती सांगते, बरंय आता थोडं. जिना धुवायला लावलेल्या पोरांना माझं तोंड दिसू नये, म्हणून.’’

मला लाज वाटली, खूप वाटली, आणि ती नेमकी कोणाची ते कळेना. सरांची, आम्ही वाहिलेल्या संत्र्यांची, की त्या कैरीची. आजही सांगता येणार नाही.

आमच्याकडे नाकाच्या काड्या थोड्या ठेवलेल्या असत, लहान मुलांसाठी आणि शुद्धीत नसलेल्यांसाठी. मी म्हटलं, ‘‘सर, दार लावते, इथेच काडीने घेते. कोणाला कळायचं नाही.’’

सर उठले होते. मास्क वर ओढता ओढता थांबले.

‘‘कळायचं नाही म्हणूनच तर एवढं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘आण काडी. बाहेर.’’

बाहेर रांग होती. सर आपल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी मास्क पूर्ण काढला. आमच्या पोरी हातातलं काम टाकून पाहत राहिल्या. त्यांना पाणपोई म्हणणाऱ्या सगळ्या, आणि चिक्कू म्हणणारीही, तिथेच होत्या. मी काडी धरून उभीच, तेव्हा सरांनीच माझं मनगट धरून ती नाकाशी नेली. रांगेतल्या एका रिक्षावाल्याला राहवलं नाही.

‘‘सर, तुमी तं थुकीवाले. मंग तुमच्याच नाकात कावून काडी घालून राह्यले?’’

सरांच्या डोळ्यांतून काडीने पाणी येत होतं. त्यांनी ते पुसलं आणि त्याच्याकडे पाहून उत्तर दिलं, ‘‘माह्या तोंडात थुकी राह्यली नाई बाबू. खर्रा खाल्ला. लपूनछपून खाल्ला अन आजार बायकोच्या नावानं सांगतला.’’

रिक्षावाल्याने हातातली पुडी पाहिली. फेकली नाही. गुपचूप खिशात घातली आणि रांगेत एक पाऊल मागे सरला. सर खाली पाहत बसून राहिले, त्यांचे कान लाल झाले होते. मी काडी नळीत टाकून आत पळाले.

यंत्राने या वेळी माणूस दाखवला. विषाणू नव्हता.

मी सांगायला गेले तेव्हा सर पिशवी भरून बसले होते. म्हणाले, ‘‘घरी तूच फोन कर. माझ्या तोंडचं तिला खरं वाटायचं नाही.’’ मी टेबलावर मोबाइल ठेवून आवाज मोठा केला.

‘‘काकू, सरांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. ते आता निघतात.’’

‘‘कशातून काढला?’’ काकूंनी विचारलं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

‘‘नाकातून.’’

पलीकडे बाळ रडत होतं, कोणीतरी त्याला घेऊन दूर गेलं. काकू म्हणाल्या, ‘‘लोकाईसमोर?’’

‘‘हो काकू. सगळ्यांसमोर.’’

‘‘मंग सांगतलं त्याईनं.’’

‘‘सांगितलं.’’

मग काकू बोलल्या, भाजीत मीठ टाकलं का विचारावं इतक्या साध्या आवाजात.

‘‘बरं झालं पोरी. मंग तुमच्या स्टाफले सांगजो, मी आता बरी झाली म्हनून.’’

सरांनी हात पुढे करून फोन ओढून घेतला. कानाशी घट्ट धरला. पलीकडून काकू ‘‘हॅलो, हॅलो’’ करत होत्या.

‘‘ऐकून राह्यलो मी,’’ सर शेवटी म्हणाले.